शनिवारपर्यंतची भूक

पाव घ्यायला आलेला माणूस पाव घेऊन गप घरी जाईल तर शपथ! त्या दिवसांत जो तो माझ्या बेकरीच्या फळीवर कोपर टेकायचा, किल्ल्याकडे बोट दाखवायचा आणि तो कसा जिंकायचा ते मला शिकवायचा. एकाला तर मी तोंडावर म्हटलं, "अहो, तुम्हाला घरात दुसरा कप चहा मागता येत नाही, किल्ला कसला मागताय?" सगळे हसले. मीही हसले. पण त्या किल्ल्यात माझा धाकटा भाऊ होता, आणि हसता हसता माझी नजर तिकडेच जायची.

किल्ला आमच्या बंदराच्या तोंडाशीच आहे, पाण्यातल्या खडकावर. माझ्या दुकानाच्या गच्चीवरून त्याचं निशाण स्वच्छ दिसतं. आमच्या प्रांतानं राजधानीशी फारकत घेतली, नवं सरकार आलं, नवी निशाणं आली. ती शेजारच्या शिंपीणबाईनंच शिवली, मशीन थंड होऊ दिली नाही बाईनं. पण किल्ल्यातली पलटण राजधानीची. तिच्या साहेबानं कळवलं, मला वरून हुकूम नाही, मी हलणार नाही. मग आमच्या लोकांनी किनाऱ्यावर तोफा मांडल्या आणि त्यांची तोंडं किल्ल्याकडे केली.

माझा भाऊ त्या पलटणीचा आचारी. शिपाई म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्याच्या हातात बंदुकीपेक्षा झारा शोभतो. आई गेली तेव्हा तो अंगावर पिणारा होता. लग्न होऊन मी या घरात आले ती त्याला कडेवर घेऊनच आले. सासरच्यांनी नाकं मुरडली, मुरडू दिली. पोटच्या पोराच्या आधी मी त्याला वाढवलाय.

आणि किनाऱ्यावरच्या तोफेवर माझा पोटचा पोरगा. शिंपीणबाईचा मुलगाही त्याच तोफेवर. दोघं एकमेकांचे डबे खाऊन मोठे झालेले, फौजेत नावंही बरोबरच घालून आले. मला विचारलं? छे! आधी घालून आला, मग सांगितलं. मी हातातलं लाटणं फेकून मारलं, ते चुकवलं मेल्यानं.

"आई, अगं नुसत्या उभ्या करायच्यात तोफा. धाकासाठी."

"आणि मामा आत आहे त्याचं काय?"

"मामाला कोण हात लावतोय? उलट मी आहे ना इथं!"

हे त्याचं शहाणपण. भाचा तोफेवर आहे म्हणून गोळा मामाला ओळखणार आणि बाजूनं जाणार!

आधी रोज सकाळी माझ्या दुकानातून पावाची होडी किल्ल्यावर जायची. नव्या सरकारनं ती बंद केली. धान्य बंद, भाजी बंद, सगळं बंद. फक्त टपाल आणि धुण्याचे कपडे तेवढे जाऊ देत होते, कारण तोवर माणसं एकमेकांशी सभ्यपणे वागत होती. साहेबाचा सदरा मळका राहू नये याची काळजी दोन्हीकडे होती. पोट रिकामं राहिलं तर चालत होतं.

धुणं नेणारा म्हणजे समोरचा लाँड्रीवाला. किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा आणि तोंडाचा फटकळ. आमचे हे होते तेव्हापासूनचं येणंजाणं, मला वहिनी म्हणतो. परत आला की मी रस्ता ओलांडून त्याच्या दारात उभी.

"दिसला का?"

"दिसला. पट्टा दोन भोकं आत ओढलाय तुमच्या भावानं."

"हसला का?"

"हसला की. दात तेवढे मोठे दिसले."

मी घरी येऊन पीठ मळायला घेतलं आणि त्या पिठावरच राग काढला. दिवसभर शेकडो तोंडांना मी पाव पुरवायची, आणि माझ्या कुशीत वाढलेलं लेकरू नजरेच्या टप्प्यात उपाशी. अशा पावाला काय चाटायचंय?

त्याच आठवड्यात मुलगा दुपारचा घरी आला. अंगाला दारूगोळ्याचा वास. माझ्यासमोर बसला, दोन पाव खाल्ले आणि आवाज खाली आणला.

"आई, हे कुणाला बोलायचं नाही. किल्ल्याच्या साहेबानं आमच्या म्हाताऱ्या जनरलला शब्द दिलाय. कोठार शनिवारपर्यंतचंच आहे. ते संपलं की तो निशाण गुंडाळून बाहेर पडणार. जहाजात बसून सगळे आपापल्या घरी."

"मग?"

"मग काय! एकही गोळा न उडवता किल्ला आपला. आमच्यातले काही नुसते फुरफुरतायत, त्यांना आजच तोफा डागायच्यात. पण म्हातारा म्हणतो, शनिवारपर्यंत कुणी बत्तीला हात लावला तर हात तोडेन. तेवढे दिवस मामानं पोट आवळून काढले की झालं. भूकच मिटवेल हे सगळं."

भूकच मिटवेल! हे कोण बोलतोय, तर ज्याला मी जन्मात एकदा उपाशी झोपू दिलं नाही तो. मला म्हणाला असता की आई, मामा चार दिवस तुरुंगात राहील, तर मी ऐकलं असतं. मार खाईल म्हणाला असता तरी मन घट्ट केलं असतं. पण उपाशी? बेकरीवालीचा भाऊ?

मला सगळं कळलं होतं. नंतर जे म्हणतात ना, बाईमाणसाला काय कळतंय राजकारणातलं, तसं माझं नव्हतं. चिमणीनं पिलाला घास भरवावा तसं पोरानं समजावून सांगितलं होतं. थांब, एवढंच सांगितलं होतं. आणि तेवढंच माझ्याच्यानं झालं नाही.

तो गेल्यावर मी टोस्ट करायला घेतले. दर्यावर जाणाऱ्यांसाठी करतात तसले, दोनदा भाजलेले. दगडासारखे कडक, पाण्यात बुडवून खायचे, महिनाभर काही होत नाही. मनाशी म्हटलं, एकाचंच पोट आहे, त्यानं किल्ला थोडाच उभा राहणार? एकापुरतेच करायचे असं ठरवून बसले. पण हात थांबेना. एक पत्रा काढला की दुसरा आत. हे त्याला सकाळला, हे त्याला रात्रीला, हे आणखी लागले तर. बहिणीच्या हाताला माप नसतं हेच खरं.

लाँड्रीवाल्यानं गाठोडं उचलून बघितलं.

"वहिनी, हे एका माणसाचं आहे का पलटणीची पंगत आहे?"

"तुम्ही तुमच्या चादरी बघा."

"पकडलो तर त्याच चादरीत मला गुंडाळतील, त्याचं काय?"

"पहारेकरी घड्यांत हात घालत नाही, तुम्हीच सांगता. इस्त्री मोडली की साहेब ओरडतो म्हणून."

"माझंच तोंड नडतं मला," तो म्हणाला. तरी नेलं त्यानं. चादरींच्या घड्यांत, उशांच्या खोळींत. एकदा नेलं आणि एक दिवस सोडून पुन्हा नेलं. दुसऱ्या खेपेला तो परत आला तेव्हा म्हणाला, "रडला हो तुमचा भाऊ. मग तुम्हाला शिव्या दिल्या. म्हणाला, ताईला म्हणावं भट्टी जरा जास्त तापली होती." मी दारातच खाली बसले आणि पोटभर हसले. किती दिवसांनी मला जेवण गेलं त्या रात्री.

शनिवारी सगळं गाव धक्क्यावर. नवी निशाणं घेऊन आलेले, पोरं खांद्यावर घेऊन आलेले. म्हातारा जनरल पांढरे हातमोजे घालून खुर्ची टाकून बसलेला. बारा वाजले. निशाण काही उतरेना. एक वाजला. मग किल्ल्यावरून होडी आली, त्यात एक अधिकारी चिठ्ठी घेऊन. साहेबानं कळवलं होतं की कोठारात अजून थोडं खायला शिल्लक आहे, आणि खायला असताना ठाणं सोडणं सैनिकाला शोभत नाही, तर अजून काही दिवस थांबावं.

मी तिथंच होते, शिंपीणबाईच्या शेजारी. तिनं कपाळाला हात लावला. "मेले खातायत काय? आणि आणलं कुठून?" मी म्हटलं, "काय माहीत." एवढंच म्हटलं. पण मनात भाजलेले पत्रे मोजायला लागले. एकाच्या पोटाचं होतं ना ते? मग पलटणीच्या कोठारात कसं काय शिल्लक?

गाव चवताळलं. तोंडाला पानं पुसली, म्हाताऱ्याला खेळवलं, कुणीतरी घरभेदी आतून पुरवतोय. ज्याला परवापर्यंत लोक रस्त्यात वाकून नमस्कार करत होते त्या जनरलला पोरांनी "टोस्ट खा" म्हणून चिडवलं असतं, पण टोस्टचं त्यांना कुठं माहीत होतं! त्यांनी त्याला घाबरट म्हटलं, तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा बसवला, तरणा आणि तापट. शब्द देणारा एक आणि शब्दाला थांबणारा एक, अशी दोनच माणसं होती हो दोन्ही बाजूंना मिळून. त्यांतला एक मी घरी बसवला.

सोमवारी उजाडताना पहिली तोफ उडाली. माझ्या बेकरीच्या काचा थरथरल्या आणि फळीवरचे पाव खाली पडले. गच्चीवर गेले तर गल्लीतल्या सगळ्या गच्च्या भरलेल्या. कुणी खुर्च्या आणल्यात, कुणी दुर्बिणी, कुणी छत्र्या. शिंपीणबाई माझ्याच गच्चीवर आली. "ती बघ, ती! आपल्या पोरांची तोफ!" म्हणून टाळी वाजवली आणि लगेच माझा चेहरा बघून माझा हात धरला. "अगं, काही होत नाही तुझ्या भावाला. भिंती केवढ्या जाड आहेत!" सोन्यासारखी बाई. दिवसभर तिनं माझा हात सोडला नाही.

दुपारी किल्ल्याच्या आतून काळा धूर निघाला. धुराड्याची बाजू मला ठाऊक होती. स्वयंपाकघर पेटलं होतं. दातही माझेच आणि ओठही माझेच. प्रत्येक गोळ्याला वाटायचं, आत लागू नये, आणि किल्ल्यातून उलट गोळा आला की वाटायचं, किनाऱ्यावर पडू नये. मी कुणाच्या बाजूनं देवाकडे मागायचं होतं, सांगा ना! मी आपली म्हणत राहिले, फुकट जाऊ दे, सगळे गोळे फुकट जाऊ दे.

आणि गेलेही फुकट! दुसऱ्या दिवशी दुपारी किल्ल्यावर पांढरी चादर फडकली. दोन्हीकडचा एकही माणूस मेला नव्हता. खरचटणं, भाजणं, एवढंच. गाव वेडं झालं. असली लढाई कुणी बघितलीय का, म्हणे! रस्त्यात नाचले, माझ्या दुकानातला शेवटचा पाव नेला, अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या. मीही नाचले असते. दोघं जिवंत होते माझे. मनाला म्हटलं, बघ, उगाच जीव टांगणीला लावलास, काही बिघडलं नाही.

पलटणीला जहाजानं राजधानीला जाऊ देणार होते. निघायच्या आधी माझ्या मुलानं कुठं तरी हातापाया पडून मामाला घटकाभर घरी आणलं. मामा-भाचे एकमेकांच्या गळ्यात हात घालून दारात उभे. एकाच्या भुवया जळालेल्या, दुसऱ्याच्या कानांना दडे बसलेले, म्हणून दोघंही ओरडून बोलत होते.

"ताई, तुझ्या पोराला नेम शिकव! आमच्या कोंबड्यांचं खुराडं उडवलं यानं!"

"मामा, तेच मारत होतो!"

मी त्याला पाटावर बसवलं, आधी जेवायला घातलं, मग रडले. तो तोंडात घास घेऊनच सांगायला लागला, मोठ्या कौतुकानं. "ताई, तू नसतीस तर शनिवारीच उतरलो असतो खाली. साहेबांनी सामान बांधायला सांगितलं होतं. पण मी म्हटलं, साहेब, घरून टोस्ट आलेत, कुस्करून पाण्यात शिजवले तर सगळ्यांचे दिवस निघतील."

"सगळ्यांचे?" मी म्हटलं. "अरे, तुझ्यासाठी दिले होते ते. तुझ्या एकट्यासाठी."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, तूच तोंड रंगवलं असतंस माझं. दुसरा उपाशी असताना एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही, हे कुणी शिकवलं? पन्नास जणांच्या समोर मी एकटा चघळत बसू?"

खरं होतं. मीच शिकवलं होतं, कान पिळून पिळून. मला कसं सुचलं नाही हे? सगळ्या गावाला सुचलं नसतं तर चाललं असतं, मला सुचायला हवं होतं. त्याला मी वाढवलाय.

मुलाच्या हातातला घास तसाच राहिला. मघापर्यंत ओरडून बोलणारा पोरगा हळू आवाजात म्हणाला, "शनिवारचं तुला मी सांगितलं होतं, आई."

"हो."

"त्याच्या आधी पाठवलेस का नंतर?"

खोटं बोलता आलं असतं. आयुष्यात पीठ कमी आणि पाव फुगीर असं खोटं रोज करतो आम्ही. पण तो इतका रोखून माझ्याकडे बघत होता. "नंतर," मी म्हटलं.

भावाला काही कळेना, तो दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. मुलानं हात धुतले. "मामाला पोचवून येतो," म्हणाला. दाराशी थांबून, मागं न बघता म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. तुला काही करतील म्हणून नाही सांगत. मला ऐकवणार नाही म्हणून सांगतोय."

त्यानंतर जे झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. रिकाम्या किल्ल्यासाठी राजधानीत कुणी चहाचा कप खाली ठेवला नसता. तिकडचे लोक आम्हाला कंटाळलेच होते, जाताय तर जा म्हणत होते. पण आम्ही त्यांच्या निशाणावर तोफा डागल्या म्हटल्यावर तिकडचा न्हावीही उठून उभा राहिला. त्यांनी फौज गोळा करायला घेतली. ते बघून जे शेजारचे प्रांत कुंपणावर बसले होते त्यांनी इकडे किंवा तिकडे उड्या मारल्या. दोन सोयऱ्यांच्या मधून सरहद्द गेली. लाँड्रीवाला एकदा माझ्या फळीशी येऊन म्हणाला, "वहिनी, आपण नसतं पाठवलं तरी कशावरून तरी पेटलंच असतं." मी म्हटलं, "असतं." तो म्हणाला, "नक्की असतं." मग पाव न घेताच गेला. त्यालाही झोप नाही, मला माहीत आहे. त्याच्या खोलीतला खोकला मला रस्त्यापलीकडून ऐकू येतो.

भाऊ आता तिकडच्या फौजेचा आचारी आहे. मुलगा आणि शिंपीणबाईचा मुलगा इकडच्या फौजेबरोबर गेले. जाताना मुलानं मला जवळ घेतलं, नाही असं नाही. पण पोरगं लहानपणापासून मला सोडताना पाठीवर एक थाप मारायचं, ती मारली नाही. मी मात्र भट्टी बंद केली नाही. फौजेचीच ऑर्डर आहे. टोस्टच, दोनदा भाजलेले.

परवा बातमी आली. शिंपीणबाईचा मुलगा गेला. माझ्या मुलाबद्दल काही नाही. नाव नाही म्हणजे आहे, असं धरून चालायचं.

मी तिच्याकडे गेले. मशीनवर चादर टाकलेली, ती खाली जमिनीवर बसलेली. मी चहा केला, तो तिनं घेतला नाही. डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि तासभर तशीच राहिली. तो लहानपणी काय खायचा, काय खायचा नाही, ते सांगितलं. मला माहीतच होतं, निम्मं माझ्याच घरी खायचा. मी तिच्या केसांवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, सांग, आत्ता सांग. आणि तेवढ्यातच म्हणत होते, तिला आज हे नको, आज खांदा हवाय. दोन्ही खरं. पण दुसरं मला जास्त सोयीचं होतं.

मग ती ताठ बसली. डोळे कोरडे झाले होते.

"शनिवारी सुटले असते ते," ती म्हणाली. "आठवतंय ना तुला? आपण दोघी होतो धक्क्यावर. निशाण उतरलं असतं तर माझा आज जेवायला घरी असता. कुणीतरी त्यांना खाऊ घातलं. मी रोज विचार करते, कोण असेल? कसलं काळीज असेल? त्यालाही पोरबाळ असेलच ना? मग ज्यानं कुणी त्या किल्ल्याला खाऊ घातलं ना, त्याच्या घरातलंही पोरगं असंच..."

मी तिच्या तोंडावर हात दाबला. जोरात, तिचे दात माझ्या तळहाताला लागले.

"नको! ते म्हणू नको! पाया पडते तुझ्या, माझा एकच आहे गं!"

आधी तिला वाटलं मी तिची समजूत घालतेय. मग ती माझ्याकडे बघायला लागली. मला हात काढायचा होता, पण काढला आणि तिनं वाक्य पुरं केलं तर? मी तसाच दाबून धरला. बराच वेळ. मग तिनं माझं मनगट धरलं आणि माझा हात तोंडावरून काढून माझ्या मांडीवर ठेवला. सावकाश ठेवला, शिवायला घेतलेलं कापड ठेवतात तसा.

"पुढचं नाही बोलत मी," ती म्हणाली. "पोरगा आहे तो. माझ्या हातचं खाल्लंय त्यानं."

मी काहीतरी बोलायला गेले.

"तू ये आता," ती म्हणाली. "आणि परत येऊ नकोस."

मी उठले. चपला हातात घेऊनच बाहेर पडले.